बाणातला ण

माझ्या धाकट्या दिरांचं एका अक्षरावर मनापासून प्रेम आहे. ण. बाणातला ण. नारायण पेठेत त्यांचं लग्नपत्रिका जुळवून छापून द्यायचं दुकान आहे, आणि पेठेच्या नावातच ण आहे, हेही ते स्वतःच्या कर्तृत्वात धरतात. गिऱ्हाईक मजकूर घेऊन आलं की हे आधी त्याचं शुद्धलेखन तपासतात आणि मग त्याला बसायला सांगतात. स्वतः लग्न केलं नाही. कुणाचीच पत्रिका त्यांना बिनचूक सापडली नसावी.

या माणसावर मी सूड उगवला. पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक हाताशी घेऊन उगवला, आणि ते सांगताना मला काडीचा संकोच वाटत नाही.

मी मूळची वऱ्हाडातली. शिकायला पुण्यात आले आणि इथलीच झाले. गाड्यांच्या आत जे छोटे छोटे संगणक बसवलेले असतात, त्यांचे प्रोग्रॅम लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. माझी बोली हॉस्टेलवरच बदलली. तिथे बोलायची चोरी झाली होती, म्हणून मी ती कोट बदलावा तशी बदलली आणि कामाला लागले. आईची बदलली नाही. ती कशाला बदलेल? ती तिच्या गावात, तिच्या दारात बसून बोलायची आणि सगळ्या गावाला ते समजायचं.

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे काय चीज असते, ते इथे पंखा एक घर वाढवून 'फार उकडतंय' म्हणणाऱ्यांना सांगून कळणार नाही. त्यामुळे दारात कुणीही आलं तरी आधी पाण्याचं विचारायचं. नावगाव मागून. पोस्टमन असो, मीटर बघणारा असो, पत्ता चुकलेला असो, नाहीतर भांडायला आलेला शेजारी असो, आईचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पानी देऊ काय?" त्याला कुणी नको म्हणत नाही. भांडायला आलेलासुद्धा आधी तांब्याभर पाणी पितो, मिशा पुसतो आणि मग भांडतो.

धायरीला आम्ही फ्लॅट घेतला त्याच्या वास्तुशांतीला आई आली होती. नवं लुगडं, हातात ट्रे, त्यात भरलेले पेले. हॉलमध्ये सासरची सगळी मंडळी बसलेली. आई भाऊजींपुढे गेली आणि म्हणाली, "पानी देऊ काय?"

"पानी?" भाऊजी म्हणाले. "पानी नको बुवा. आम्ही पाणी पितो."

हशा झाला. तिथे थांबले असते तर मीही थट्टा म्हणून सोडून दिलं असतं. पण पेला उचलायच्या ऐवजी ते सरसावून बसले. "आई, तुम्ही म्हणा बघू. बाणातला ण. जीभ अशी वर न्यायची, टाळूला लावायची. म्हणा, पा-णी."

आई गोंधळली. व्याही मंडळींचा मान ठेवायचा म्हणून तिने ट्रे सावरत जीभ वर नेली. "पान्णी," ती म्हणाली. परत हशा. "छान! पुन्हा एकदा," भाऊजी म्हणाले, आणि तिने पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात श्रीखंडाचं पातेलं घेऊन उभी होते. ती हसली नाही, रडली नाही. ट्रे तसाच भरलेला परत घेऊन आली आणि ओट्यावर ठेवला. तिने प्रयत्न केला, हे मला सगळ्यात जास्त लागलं. नुसतं ऐकून घेतलं असतं तर मी कदाचित विसरले असते.

"अगं, तो सगळ्यांशीच तसं बोलतो," माझा नवरा त्या संध्याकाळी म्हणाला. "मनात काही नसतं त्याच्या."

"मनात नसतं तर तोंडात कुठून येतं?" मी विचारलं. त्यावर त्याला खाली गाडी नीट लावायची असल्याचं आठवलं.

पुढे 'पानी देऊ काय' हा भाऊजींचा हुकमी खेळ झाला. बारसं असो, मुंज असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचं, होऊन जाऊ दे. मग ते डोक्यावरून काल्पनिक पदर घ्यायचे, हातात काल्पनिक ट्रे धरायचे, नाकातून आवाज काढायचे. लोक पोट धरून हसायचे. माझ्याकडे बघून म्हणायचे, "वहिनी, आपण मनाला लावून घेऊ नका हं." मी लावून घेत नव्हते. मी जपून ठेवत होते.

वडील गेले आणि आईला मी कायमची धायरीला घेऊन आले. इथे आल्यावर तिने बोलणंच टाकलं. माझ्याशी बोलायची, तेही स्वयंपाकघराचं दार लोटून, कुकरच्या शिट्टीच्या आडून. बाहेर मुकी. भाजीवाल्याकडे बोट दाखवायची. लिफ्टमध्ये कुणी काही विचारलं तर मान हलवायची. शेजारणींनी आपापसांत ठरवून टाकलं की यांना ऐकू येत नाही, आणि त्या तिच्याशी ओरडून बोलू लागल्या. "जेवलात का?" अशी आरोळी आमच्या जिन्यात घुमायची आणि माझी आई, जिच्या बोलण्याने गावातला पार भरायचा, ती मान डोलावून निमूट आत यायची.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या जिन्यात कळलं. मला दोन गोष्टी हव्या होत्या. आईचा आवाज परत हवा होता आणि त्या माणसाचा उतरलेला चेहरा बघायचा होता. यातलं आधी काय हवं होतं, ते मला विचारू नका.

संधी त्यांनीच आणून दिली. त्यांचं एक गिऱ्हाईक परदेशी निघालं होतं आणि जाताना आपला एक छंद त्यांच्या गळ्यात मारून गेलं. एका खोक्यात पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या, पाठीवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेल्या काही कांड्या होत्या. बिटकॉइन शोधायच्या. भाऊजींनी मला दुकानात बोलावून घेतलं.

"वहिनी, हे आपल्या हातचं काम दिसतंय."

मी कांड्या उलटसुलट करून पाहिल्या. "यातून तुम्हाला काही मिळायचं नाही," मी सरळ सांगितलं. "मोठाल्या गोदामांत यंत्रांच्या रांगाच्या रांगा हे काम करतात. ही कांडी म्हणजे लॉटरीचं तिकीट आहे. आणि ही स्वतःहून चालतही नाही, तिला हाकायला एक संगणक लागतो."

"मिळकत कुणाला हवीय? मला प्रात्यक्षिक दाखवायचंय," ते म्हणाले. पेठेतल्या सेवानिवृत्त मंडळींची दर महिन्याला त्यांच्याकडे बैठक भरते; प्राध्यापक, बँकेतले, पोस्टातले. त्यांच्यापुढे भाऊजींना 'आभासी चलनाचे खाणकाम' या विषयावर शुद्ध मराठीत बोलायचं होतं. "एकही परकी संज्ञा येऊ द्यायची नाही. यंत्र तुम्ही जोडा, भाषा मी बघतो."

मी नाही म्हणणारच होते. तोंड उघडलं होतं. बोलता बोलता त्यांचे हात कळफलकावर चालूच होते, कुणाची तरी पत्रिका जुळवत होते, आणि माझी नजर त्या हातांवर गेली.

ते रोमन अक्षरं दाबतात आणि पडद्यावर मराठी उमटतं. त्यात लहान एन दाबला की न येतो आणि शिफ्ट धरून मोठा एन दाबला की ण. निमंत्रण, आमंत्रण, लक्ष्मीनारायण, शुभाशीर्वाद देण्याकरिता येण्याची कृपा करावी. लग्नपत्रिकेत ण किती असतात ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक ण आला की त्यांची डावी करंगळी शिफ्टवर जायची. त्यांचं लक्ष माझ्याकडे होतं, तोंड चालू होतं, पण करंगळी त्यांना न विचारता जात होती आणि येत होती.

"देते जोडून," मी म्हणाले.

"आपले उपकार होतील," ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

पुढचे काही शनिवार-रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर तो पसारा मांडलेला होता. मी विकत आणलेल्या, पत्त्यांच्या कॅटएवढ्या हिरव्या पट्टीवर संगणकाचं सगळं असतं. नसतो तो फक्त पडदा आणि कळफलक. मेमरी कार्डावर मी तिची सिस्टिम उतरवली, कार्ड खाचेत सरकवलं, आणि लॅपटॉपवरून तिच्याशी बोलू लागले. कांड्यांना हाकणारा प्रोग्रॅम तिच्यावर बांधून घेतला. मग एकेक कांडी लावत गेले. पहिली लगेच ओळखली. दुसरी लावल्यावर पहिली हरवली. तिसरी लावली तशी पट्टीने मान टाकली. कांड्या भलत्याच खादाड, आणि त्या पट्टीला स्वतःचंच पोट भरण्यापुरती वीज. म्हणून स्वतंत्र वीजपुरवठ्याचा एक हब आणला, कांड्या त्यात खोचल्या. तरी एक कांडी मध्येच गप्प व्हायची. तिच्या मागे मी एक अख्खी दुपार घालवली आणि शेवटी दोष निघाला तो साध्या केबलचा. कांड्या अशा तापायच्या की बोट लावणं मुश्कील, म्हणून बाजूला एक छोटा पंखा उभा केला. मग वीज गेली आणि आली तरी यंत्र आपोआप जागं होऊन हुकमाची वाट बघत बसावं, याची सोय केली. मी कामावर करते त्यापेक्षा जास्त मन लावून करत होते, हे मला कळत होतं. सूड कधी घाईत उरकू नये, निदान वायरिंग तरी नीट करावं.

आई समोर बसून लसूण सोलायची आणि बघायची. घरात आम्ही दोघीच असलो की तिचा आवाज थोडा सुटायचा.

"काय करून राह्यलं वं हे?"

मी सांगितलं की ते एक आकडा घेतं, लोकांच्या व्यवहारांच्या नोंदींत मिसळतं, दळतं आणि काय पीठ पडलं ते बघतं. हवं तसं बारीक पडलं नाही तर फेकून देतं आणि पुढचा आकडा घेतं. आपल्याला बघायला वेळ मिळायच्या आत असंख्य वेळा.

"अन् पीठ कुठी हाय याचं?"

"मिळत नाही. मिळालं तर नशीब."

"बाप्पा! दिवसभर नुसतं भरडते अन् पदरात काही नाई?" ती हसली. मग तिने विचारलं, "कोनासाठी करून राह्यली?"

"भाऊजींसाठी."

लसणाची पाकळी तिच्या हातात तशीच राहिली. मग ती ताट उचलून आत गेली, आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर येऊन बसली नाही. मला तिच्या मागे जाऊन सगळं सांगावंसं वाटलं. पण तिला सांगितलं असतं तर तिने मला करू दिलं नसतं. तिच्या हिशेबी ते जावयाचे भाऊ होते, आणि मानापानाची तिची समजूत अजून गावातलीच होती.

यंत्र चालू-बंद करायला मी एक साधं पान तयार केलं. आधी पासवर्ड, मग एक मोठं बटण, खाली यंत्राची हालहवाल. त्या पानावरची वाक्यं भाऊजींनी तपासायला मागितली. मी छापून दिली, त्यांनी लाल शाईने रंगवून परत केली. 'चालू आहे' च्या जागी 'यंत्र कार्यरत आहे'. 'गरम झालं' च्या जागी 'तापमान मर्यादेबाहेर गेले आहे'. पासवर्ड चुकला तर काय दिसावं, याच्यासाठी मी लिहिलं होतं, 'पासवर्ड चुकला.' ते खोडून त्यांनी काय करावं? स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'लेखन अशुद्ध आहे. कृपया शुद्ध करून पुन्हा लिहावे.'

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"अगदी तुमच्या तोंडचं वाटतंय," मी म्हटलं. अक्षरसुद्धा न बदलता मी ते वाक्य जसंच्या तसं घातलं.

पासवर्डबद्दल मी त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. यंत्र पासवर्ड जपून ठेवत नाही, त्याचं दळलेलं पीठ तेवढं ठेवतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, लहानाचं मोठं झालं, तरी पीठ साफ वेगळं पडतं आणि यंत्र ओळख देत नाही. खाणकामातही हेच चालतं. भाऊजी खूश झाले. "म्हणजे हे यंत्र माझ्याच तालमीतलं म्हणायचं! एका अक्षराचीही गय नाही. हे मी व्याख्यानात घेणार."

"जरूर घ्या."

"आणि पासवर्ड असा ठेवा की मला लिहून ठेवायला नको."

"ठेवलाय," मी म्हणाले. "पानी देऊ काय. मध्ये जागा नाही, रोमन अक्षरांत. काना-मात्रेची भानगड नको, आपण मेसेजमध्ये लिहितो तसं एकेकच अक्षर."

मी न चा उच्चार स्वच्छ केला. आईसारखा. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "वाहवा! आपण बऱ्याच खेळकर झालात. हे मी जन्मात विसरायचो नाही." मी स्पेलिंग सांगायला लागले, "पी, ए..." तर त्यांनी हात वर केला. "अहो वहिनी, माझं आयुष्य टायपिंगमध्ये गेलंय." मग मी गप्प बसले. मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही. जे होतं ते तोंडावर सांगितलं. आपण ऐकतो ते दुरुस्त करूनच कानात घ्यायचं, ही सवय माझी नव्हती.

यंत्र दुकानात नेऊन लावलं, मी स्वतः पासवर्ड टाकून चालू करून दाखवलं, कांड्यांचे दिवे लुकलुकले. आधी एकदा तुम्हीही टाकून बघा, असंही म्हटलं. "त्यात काय बघायचं?" ते म्हणाले. "आपल्या मातोश्रींचं वाक्य माझ्या तोंडात बसलंय."

बैठक रविवारी सकाळी, दुकानाच्या वरच त्यांची राहायची जागा आहे तिथे होती. "आईंनाही आणा," त्यांनी निरोप दिला होता. "काही कळलं नाही तरी दिवे तर दिसतील."

आई यायला तयार नव्हती. "मी नाई येत. मले तिथी मुक्यावानी बसा लागते."

"एकदा चल. माझ्यासाठी."

"तुह्यासाठी म्हनून," ती म्हणाली आणि वास्तुशांतीचं तेच लुगडं नेसली. मुद्दाम नेसली की कपाटात वरच होतं, ते मी विचारलं नाही.

मंडळी वेळेआधी येऊन बसली होती. आईला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी तिच्या कानाशी वाकून, "बरं आहे ना?" असं ओरडून विचारलं. आईने मान हलवली. समोर टेबलावर दुकानातून वर आणलेलं यंत्र, लॅपटॉप आणि भिंतीवर त्याला जोडलेला मोठा टीव्ही. माझा नवरा मागे मोबाईल घेऊन फोटो काढायला उभा. मी खिडकीशी.

भाऊजी बोलले छान. ते मान्य करायला हवं. चलन, विश्वास, गणित, सगळं एकही इंग्रजी शब्द न वापरता मांडलं. मग यंत्राकडे हात करून म्हणाले, "मंडळी, हे यंत्र शुद्धलेखनाच्या बाबतीत माझ्याहून कडक आहे. एक अक्षर चुकवा, हे आपल्याला दारात उभं करणार नाही." टाळ्या पडल्या. ते बसले, बाह्या सारल्या आणि पासवर्ड टाकला. टीव्हीवर ठिपके उमटले. मी मात्र टीव्हीकडे बघत नव्हते. मी करंगळी बघत होते. ती गेली. शिफ्टवर गेली आणि परत आली, इमानदार नोकरासारखी.

टीव्हीवर मोठ्या अक्षरांत आलं, 'लेखन अशुद्ध आहे. कृपया शुद्ध करून पुन्हा लिहावे.'

कुणीतरी खोकलं. भाऊजी हसले आणि पुन्हा टाकला, सावकाश, एकेक अक्षर दाबत. लेखन अशुद्ध आहे. पुन्हा टाकला. लेखन अशुद्ध आहे. कपाळावर घाम आला. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मागच्या रांगेतून शांतपणे म्हणाले, "शिष्य गुरूच्या वर गेलेला दिसतोय." या वेळी हशा झाला तो त्यांच्यावर. असा हशा अंगावर घेऊन उभं राहणं काय असतं, ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. मला इतकं बरं वाटलं की मी खिडकीचा गज घट्ट धरला.

"वहिनी," शेवटी ते म्हणाले, "जरा येता का? आपलं यंत्र रुसलंय."

मी टेबलापाशी गेले. "काय टाकलंत?"

"तेच, जे आपण सांगितलं होतं."

"म्हणून दाखवा. नंतर पासवर्ड बदलू आपण."

ते आजूबाजूला बघत दबक्या आवाजात म्हणाले, "पाणी देऊ काय."

"असा नाहीये."

"असाच आहे! आपण स्वतः सांगितलंत."

"मी पाणी म्हटलं नव्हतं, भाऊजी. आठवा मी काय म्हटलं ते. आई कसं म्हणते?"

त्यांना कळलं. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. त्यांनी सुटायचा एक प्रयत्न केला, खांदे उडवले, डोक्यावरून तो काल्पनिक पदर घेतला आणि नाकातून सुरुवात केली, "पाऽनी..."

"नक्कल नको," मी म्हणाले. "सरळ म्हणा. यंत्राला नक्कल कळत नाही."

पदर धरलेला हात खाली आला. कुणी हसलं नाही. टीव्हीवर त्यांचंच वाक्य त्यांना शुद्ध करून लिहा म्हणून सांगत होतं. त्यांच्या बरोबर समोर, हाताच्या अंतरावर, माझी आई बसली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. दुसरीकडे कुठे बघायला जागाच नव्हती.

"पानी देऊ काय?" भाऊजी म्हणाले. साधं. तिच्याचसारखं.

आणि आई बोलली. चांगली खणखणीत, गावातल्या पारावर बोलायची तशी.

"द्या न जी भाऊ. कवाची तहान लागून राह्यली मले."

मुख्याध्यापिका बाईंनी छातीवर हात ठेवला. "अगंबाई, यांना ऐकू येतं!"

"येते न," आई म्हणाली. "पयलेपासूनच येते."

भाऊजी उठले, पण जागेवरच उभे राहिले. मागून नवरा पुढे यायला लागला, "मी आणतो..."

"तू थांब," मी म्हणाले. "त्यांनी विचारलंय. तेच देतील."

एवढ्या लोकांसमोर एका म्हाताऱ्या बाईला पाणी देऊ का म्हणून विचारलं आणि ती हो म्हणाली. पेठेतला माणूस यातून कसा सुटणार? ते आत गेले. माठाचं झाकण काढल्याचा आवाज आला. तेवढ्यात मी शिफ्टला हात न लावता पासवर्ड टाकला. पंखा घरघरला, कांड्यांचे दिवे एकामागून एक लागले आणि 'यंत्र कार्यरत आहे' असं टीव्हीवर आलं. पण त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

ते पेला घेऊन बाहेर आले. ताटलीत ठेवलेला, काठोकाठ भरलेला, थोडं पाणी त्यांच्या बोटांवर सांडलेलं. आईपुढे वाकून त्यांनी तो धरला. आईने पेला घेतला, मान वर करून एका दमात रिकामा केला, पदराने तोंड पुसलं आणि पेला त्यांच्या ताटलीत परत ठेवला. ते वळायला लागले.

"आनखी," आई म्हणाली.

न तिने चांगला ठासून म्हटला. ते उभे राहिले. ओठ हलल्यासारखे वाटले. मग ताटली घेऊन ते पुन्हा आत गेले.